न्यूक्लिअर डेन्सिटी गेज ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवता येतो का?

भराव_लॅब:

नमस्कार मंडळी. नांदेडजवळ हायवेच्या कामावर क्यूसी म्हणजे दर्जा तपासायची लॅब सांभाळतो. भरावाचं कॉम्पॅक्शन, म्हणजे माती किती घट्ट दाबली गेली ते तपासायला आमच्याकडे न्यूक्लिअर गेज आहे, सीझियम-137 आणि अमेरिशियम-बेरिलियम या किरणोत्सर्गी पदार्थांचा. कॅलिब्रेशनची मुदत या महिन्यात संपते, म्हणून तो पुण्याच्या एजन्सीकडे पाठवायचा आहे. प्रोजेक्ट मॅनेजर साहेब म्हणतात, "रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाक, सकाळी तिकडचा माणूस उतरवून घेईल." मागच्या वेळी तसंच गेलं होतं म्हणे. आमचे आरएसओ (रेडिएशन सुरक्षा अधिकारी) गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेले, नवे अजून आलेले नाहीत. पेटी कंपनीचीच आहे, पिवळी, कुलूपवाली. मला हे बरोबर वाटत नाही, पण साहेबांना नियम दाखवल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

जुना_आरएसओ:

भाऊ, शंका आली तिथेच थांबलात हे फार चांगलं केलंत. मी बावीस वर्षं या कामात आहे. सुरुवात पाइपलाइनवर वेल्डचे फोटो काढायच्या किरणोत्सर्गी इरिडियमच्या कॅमेऱ्यापासून झाली, आता गेज बघतो.

साहेबांना दाखवायचा नियम सरळ आहे. तुमच्या पेटीवर बहुतेक 'II-यलो' लेबल असेल, म्हणजे वर पिवळं, खाली पांढरं असतं, वरच्या पिवळ्या भागात तीन पात्यांचं चिन्ह आणि खाली दोन लाल उभ्या रेघा. II-यलो किंवा III-यलो लेबलची पेटी ज्या गाडीत असते, त्या गाडीत ड्रायव्हर आणि त्याचा मदतनीस सोडून कोणी बसायचं नाही. चाळीस प्रवाशांची बस तिथेच बाद. एसटीचं पार्सलही बाद.

आता किती धोका आहे तेही नीट समजून घ्या, म्हणजे उगाच घाबरणं नको आणि हलक्यात घेणंही नको. लेबलवर टीआय (ट्रान्सपोर्ट इंडेक्स) म्हणून आकडा असतो. पेटीपासून एक मीटरवरचा डोस रेट मिलिसीव्हर्ट प्रति तासात घ्यायचा आणि 100 ने गुणायचा, तो टीआय. समजा 0.3 आहे, म्हणजे मीटरभर अंतरावर तासाला 3 मायक्रोसीव्हर्ट. डिकीच्या वर खालच्या बर्थवर झोपलेला माणूस अर्ध्या मीटरवर असेल तर साधारण चौपट, 12. नऊ-दहा तासांत शंभराच्या वर. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा 1000 मायक्रोसीव्हर्ट आहे. त्यातला दहावा हिस्सा एका रात्रीत, आणि त्याला माहीतही नाही. तिथे गरोदर बाई झोपली असेल. तिला विचारलं होतं का कोणी?

पण माझी खरी काळजी पेटी हरवण्याची आहे. साडेचारशे किलोमीटरमध्ये डिकी किती वेळा उघडते! कोणी चुकून उतरवली, भंगारात गेली, तर काय होतं ते 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत दिसलं. लिलावात विकलेल्या जुन्या यंत्रातला कोबाल्ट-60 भंगारवाल्यांच्या हातात फुटला आणि एक माणूस जिवानिशी गेला. मेक्सिकोत 2013 साली कोबाल्ट घेऊन जाणारा ट्रक पेट्रोल पंपावर थांबला असताना चोरीला गेला. ट्रक आणि कोबाल्ट दोन दिवसांत सापडले, पण चोरांनी ढाल उघडलेली होती.

स्वतःच्या डोळ्यांदेखतचं सांगतो. इरिडियमचा कॅमेरा पिकअपमध्ये होता, घाट उतरून चहाला थांबलो. मागे येऊन पाहतो तर फाळक्याची एक कडी सुटून लोंबत होती. साखळी ओवून कुलूप लावलं होतं म्हणून पेटी जागेवर होती, पण साखळीने तिच्या कडेचा रंग घासून खालचं लोखंड चकचकीत केलं होतं. तेव्हापासून दर थांब्याला मी स्वतः हाताने साखळी ओढून बघतो.

तर असं करा. आरएसओ नेमल्याशिवाय पेटी जागची हलवू नका. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, त्यांची मान्यता असलेला माणूसच नेमता येतो. पुण्याच्या एजन्सीकडे हे मटेरियल ठेवायची परवानगी आहे का, त्याची प्रत मागवा. एईआरबीच्या इलोरा या ऑनलाइन परवानगी पोर्टलवर नेण्याची रीतसर कार्यवाही नव्या आरएसओकडून करून घ्या. गाडी तुमची स्वतंत्र हवी. सोर्स रॉड, म्हणजे टोकाला किरणोत्सर्गी सोर्स असलेली दांडी, सेफ पोझिशनला, तिच्या हँडलला कुलूप, पेटीला कुलूप, पेटी गाडीला साखळीने बांधलेली, ड्रायव्हरच्या सीटपासून होईल तेवढी लांब. गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे रेडिओॲक्टिव्हच्या पाट्या. ड्रायव्हरजवळ वाहतुकीची कागदपत्रं आणि आणीबाणीत काय करायचं त्याचं ट्रेम कार्ड. ते मराठीत समजावून सांगा, नुसतं हातात देऊ नका. गाडी एकटी सोडायची नाही, जेवायलासुद्धा. पेटी हरवली तर त्याच क्षणी पोलीस आणि एईआरबी.

पर्थचा_पाटील:

मी मूळचा लातूरचा, पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीत काम करतो. जानेवारी 2023 मध्ये इथे सीझियम-137 ची कॅप्सूल ट्रकमधून वाटेत पडली होती. 6 मिलिमीटर जाड, 8 मिलिमीटर लांब, हरभऱ्याएवढी! पर्थपर्यंतचा रस्ता 1400 किलोमीटर. खाणीतल्या गेजमध्ये ती होती. हादऱ्यांनी गेज खिळखिळा झाला, एक बोल्ट निघाला आणि कॅप्सूल त्या भोकातून बाहेर. पेटी पोचली, पण ती उघडली 25 जानेवारीला. तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 1 फेब्रुवारीला न्यूमन गावाच्या दक्षिणेला रस्त्याच्या कडेला सापडली. 70 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीतल्या यंत्राने तिचं रेडिएशन पकडलं. त्या आठवड्यात आम्ही बुटाचे तळवे आणि गाडीचे टायर बघून घरात शिरत होतो. म्हणून माझं एकच सांगणं: पुण्यात पेटी उतरली की त्याच दिवशी उघडून, मीटर लावून, सोर्स आत आहे अशी लेखी पावती घ्या.

वेल्ड_तपास:

थोडं वेगळं, पण इथे कॅमेरेवाले वाचत असतील म्हणून. सोर्स काढलेला रिकामा कॅमेरासुद्धा साध्या पार्सलने पाठवू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांची ढाल डिप्लीटेड युरेनियमची असते, त्यामुळे तो 'रिकामा' नसतोच.

भराव_लॅब:

सगळ्यांचे मनापासून आभार. साहेबांना बर्थचा हिशेब वाचून दाखवला. ते गप्प बसले, मग म्हणाले, "पिकअप घे, पण आधी आरएसओ येऊ दे." कॅलिब्रेशन लांबलं तरी चालेल, तोवर सँड रिप्लेसमेंटने, म्हणजे खड्ड्यात वाळू भरून घनता मोजायच्या जुन्या पद्धतीने काम भागवू. आज स्टोअरमध्ये जाऊन पेटीचं लेबल पाहिलं. II-यलोच आहे, पण टीआयचा आकडा उन्हाने उडून गेलाय. जुन्या कागदावरून मार्करने लिहू का?

जुना_आरएसओ:

नाही. मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. नव्या आरएसओकडून मोजून घ्या आणि नवं लेबल लावा. अमेरिशियम-बेरिलियममुळे न्यूट्रॉन असतात, नुसत्या गॅमा मीटरचा आकडा कमी येईल, हे त्यांना आठवणीने सांगा. आणि एक सांगा, दोन्ही कुलपांच्या किल्ल्या सध्या कोणाकडे आहेत?

भराव_लॅब:

पेटीची माझ्याकडे. हँडलची मागच्या आरएसओंकडेच राहिली असणार. आत्ताच फोन लावतो.