सगळं पोस्टर ब्रश फॉन्टमध्येच पाहिजे म्हणतायत, काय सांगू?

रंगरेघ: मुलांच्या नाट्यशिबिराचं पोस्टर करतेय. टायटलला जाडजूड, ब्रशने फटकारे मारल्यासारखा फॉन्ट लावलाय, अक्षरं जरा वरखाली, कडा खरखरीत, एकदम भारी दिसतंय. पण क्लायंटला तो इतका आवडला की आता तारीख, फोन नंबर, नियम सगळं त्यातच करा म्हणतात. नुसतं "बरं दिसत नाही" म्हटलं तर ऐकणार नाहीत. आणि इंग्लिश टायटलमध्ये दोन ओ शेजारीशेजारी आहेत, ते डिट्टो सारखे दिसतात, हाताने लिहिल्याचा फीलच जातो.

शाईचा डाग: वाद घालू नका, नियमांचा मजकूर 10 पॉइंटला त्याच फॉन्टमध्ये लावा, खऱ्या साइजला प्रिंट काढा आणि हातात द्या. रेघ एवढी जाड असली की अक्षराच्या आतली पोकळी चिमुकली राहते, लहान साइजला ती बुजते, मग 3, 6, 8 सगळे भाऊभाऊ. फोन नंबर चुकीचा वाचला गेला तर पोस्टर काय कामाचं? हा मुद्दा क्लायंटला लगेच पटतो. बाकी मजकुराला साधा सरळ सॅन्स (अक्षरांच्या टोकांना शेपट्या नसलेला फॉन्ट) लावा, टायटल अजून उठेल. वरून शॅडो-आउटलाइन मात्र नको, कडेचा खरखरीतपणाच तर गंमत आहे.

वेलांटी: ओ चं सोपं आहे. डिझाइन सॉफ्टवेअरच्या ओपनटाइप (फॉन्टच्या जादा सोयींच्या) पॅनेलमध्ये कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स ऑन करून बघा, चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं असतात. नसतील तर टायटलचे आउटलाइन्स करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून) एक ओ किंचित फिरवा, एखादा पॉइंट ओढा, झालं. फक्त आधी स्पेलिंग तपासा, नंतर टाइप करून सुधारता येत नाही 😄 तसं हे दुखणं जुनंच, ब्रश स्क्रिप्ट हा फॉन्ट 1942 ला अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीने काढला तेव्हा तो धातूच्या खिळ्यांचा होता, साच्यातून प्रत्येक ओ तसाच निघायचा. जाहिरातीच्या हेडलाइनला चार शब्द असतात, तिथे ते खपून जातं.

रंगरेघ: आल्टरनेट सापडला, थँक्यू!! आता म्हणतात टायटल मराठीतही हवं. या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीये, टाइप केलं तर भलताच फॉन्ट येतो.

शाईचा डाग: यात्रा वन हा फॉन्ट बघा, मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. जरा शिस्तीतला वाटेल. गुबगुबीत चालणार असेल तर बलू, पण त्यात ब्रशचा फटकारा नाही. मी असतो तर चार शब्द सरळ ब्रशने कागदावर लिहून स्कॅन केले असते.

वेलांटी: स्कॅनला +1. आणि मराठीत अक्षरं सुटी वरखाली करू नका, शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात, अख्खा शब्दच तिरका करा. हो, इंग्लिश फॉन्टचं लायसन्सही बघा, बरेच "फ्री" फॉन्ट फक्त पर्सनल वापरालाच फ्री असतात आणि हे तर पैसे घेऊन केलेलं काम आहे.