प्रोजेक्टवाला डिझाइनचा कोर्स सुरू होतोय, त्यात नेमकं काय काय होतं?

नवखा_यंत्री

मेकॅनिकल, दुसरं वर्ष, कॉलेज सांगलीजवळ. या सेमिस्टरला लेखी पेपर नसलेला डिझाइनचा कोर्स आहे. आठवड्याला चार तास, १४ आठवडे, पाच जणांचा गट.

काम असं: रिमोटवर चालणारं, जास्तीत जास्त १.२ किलोचं यंत्र बनवायचं. त्याने सनमायका लावलेला १५ अंशांचा प्लायचा उतार चढायचा आणि वर विखुरलेले सहा टेबल टेनिसचे चेंडू उचलून ३०० मिमी उंच डब्यात टाकायचे. वेळ ९० सेकंद, खर्च ३००० रुपयांच्या आत. १०० पैकी स्पर्धेच्या दिवसाला फक्त २० गुण. बाकीचे तीन रिव्ह्यू, लॉगबुक, ड्रॉइंग आणि तोंडी परीक्षेला.

अशा कोर्समध्ये वेळ नक्की कुठे जातो? आधीपासून काय शिकून ठेवावं? गटात सध्या 'रोबोटिक हात करू, पुढे ग्रिपर (पकडणारा पंजा) लावू' असं जवळजवळ ठरलंय.

---

पाना_१२_१३

ग्रिपरचं आत्ताच ठरवू नका. आधी भागाकार करा. ९० सेकंदांतले १५ ते २० उतार चढण्यात जाणार. उरलेल्या ७० सेकंदांत सहा चेंडू, म्हणजे चेंडूमागे १२ सेकंदही पुरते नाहीत. तेवढ्यात गाडी चेंडूसमोर सरळ आणायची, पकडायचं, उचलायचं, डब्याशी जायचं, सोडायचं. रिमोटवर नुसती गाडी सरळ करायलाच तेवढा वेळ लागतो. त्यात हा चेंडू ४० मिमीचा आणि २.७ ग्रॅमचा, धक्का लागला की पळाला. हात हा सगळ्याच गटांना पहिल्यांदा सुचतो. तोच बरोबर निघेल असं नाही.

अशा कामाला पुढून आत ओढणारा रोलर बरा. आडव्या दांड्यावर दोन चकत्या, त्यांच्यात ताणून बसवलेले रबरबँड, आणि जमिनीपासून रबरापर्यंत फट ३४ ते ३६ मिमी. चेंडू कडक असतो, तो दबत नाही, दबतं ते रबर. फट ३८ च्या पुढे गेली की पकड जाते, ३२ च्या खाली आली की चेंडू अडकतो आणि रोलरची मोटर थांबते. आत आलेला चेंडू उभ्या पट्ट्याने मागच्या फळीला घासत वर न्यायचा. गाडी थांबवायची गरजच नाही.

पण हेही माझं ऐकून ठरवू नका. तीन-चार पर्याय कागदावर मांडा आणि तक्त्यात घाला. स्टुअर्ट प्यू या डिझाइनच्या प्राध्यापकाच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे: एक पर्याय आधार धरायचा, बाकीचे प्रत्येक निकषावर त्याच्याहून बरे, वाईट की सारखेच, तेवढंच लिहायचं. बहुतेक गट आवडता पर्याय आधी ठरवतात आणि तक्ता मागाहून भरतात. परीक्षकाला ते लगेच कळतं, कारण आवडत्या पर्यायाच्या रकान्यात एकही वजा नसतो. निकषांना गुणभार दिले असतील तर 'या निकषाचा भार ५ ऐवजी ३ केला तर निकाल बदलतो का?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आधीच काढून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर पहिले दोन आठवडे अटी नीट लिहून काढण्यात घालवा आणि मोघम शब्द अजिबात ठेवू नका. 'हलकं' नाही, '१.१ किलोपर्यंत'. १.२ ची मर्यादा असताना १.१ लिहायचं, कारण वायरी, नटबोल्ट आणि चिकटपट्ट्या मिळून शेवटी १०० ग्रॅम कुठून येतात ते कोणालाच कळत नाही. पाचव्या आठवड्यापर्यंत पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि हॉट ग्लूचं कसंही दिसणारं पण चेंडू आत ओढणारं काहीतरी टेबलावर हवं. दहाव्या आठवड्यात सगळे भाग एकत्र जोडलेले हवेत. उरलेले चार आठवडे जास्त वाटतील, पण ते पुरत नाहीत. रोलर एकटा चालतो, पट्टा एकटा चालतो, आणि दोन्ही जोडले की मधल्या सांध्यात चेंडू अडकतो. वेळ जातो तो तिथे.

---

सोल्डरगन

वरच्याला +१. विजेच्या बाजूला दरवर्षी ठरलेल्याच चार चुका होतात, त्या आधीच सांगून ठेवतो.

स्मोक डिटेक्टरमध्ये घालतात ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसाठी घेऊ नकोस. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो. मोटर सुरू होताना करंट ओढला की व्होल्टेज बसतं आणि आर्डुइनो (गाडी चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) रीसेट होतो. मग गट दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. १८६५० चे (रिचार्ज होणारे लिथियम-आयन) दोन सेल सीरिजमध्ये घे: ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. संरक्षण सर्किट असलेलाच पॅक घ्यायचा, पॉझिटिव्ह वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज आणि हाताशी येईल असं बटण हवंच. सेल ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही.

एल२९८एन हा लाल मोटर ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा बोर्ड) सगळीकडे मिळतो, पण जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांमुळे तो मधल्या मध्ये साधारण २ व्होल्ट खातो. म्हणजे ७.४ मधले मोटरला साडेपाचच्या आसपास. ६ व्होल्टच्या मोटरला ते चालून जातं, फक्त टॉर्कचा (फिरवण्याच्या जोराचा) हिशोब साडेपाचावर करायचा. टीबी६६१२ या दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये ही गळती फार कमी, पण तो चॅनलमागे सलग १.२ अँपिअरचाच. मोटरचा स्टॉल करंट (मोटर अडून थांबली की ओढते तो) पाहूनच निवड.

सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) लावलात तर त्याला वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून द्यायची नाही, वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) लाव. आणि सगळ्यांचे ग्राउंड एकत्र जोड. हे विसरलं की सर्व्हो थरथरत राहतो.

चौथी चूक स्पर्धेच्या दिवशीची. रिमोट म्हणजे बहुधा एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल आणि मोबाइल. मॉड्यूल नवं असताना त्याचं नाव एचसी-०५ आणि पिन १२३४. हॉलमध्ये बारा गटांची बारा मॉड्यूल त्याच नावाने दिसतात आणि तुझा फोन शेजाऱ्याच्या गाडीला जोडला जातो. एटी मोडमध्ये (सेटिंग बदलायच्या मोडमध्ये) जाऊन नाव आणि पिन दोन्ही बदलून टाक: मॉड्यूलवरचं बटण दाबून धरून वीज द्यायची, बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) ३८४००. शिवाय त्याची आरएक्स म्हणजे माहिती घेणारी पिन ३.३ व्होल्टची असते, आर्डुइनोच्या ५ व्होल्टसमोर १ किलोओहम आणि २ किलोओहमचा व्होल्टेज विभाजक लागतो. आर्डुइनोच्या पिन ० आणि १ वर जोडलं असेल तर प्रोग्राम चढवताना काढून ठेवावं लागतं.

---

नवखा_यंत्री

खूप उपयोगी, धन्यवाद. मोटर कशी निवडायची? दुकानदार १०० आरपीएम, २०० आरपीएम विचारतो, त्याला काय सांगू? आणि कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग) आधी शिकू का?

---

टॉलरन्स_काका

आरपीएमच्या (मिनिटाला किती फेरे) आधी टॉर्क.

वजन १.२ किलो, उतार १५ अंश. खाली ओढणारं बल १.२ × ९.८१ × साइन १५, म्हणजे सुमारे ३.०५ न्यूटन. लोळण्याच्या घर्षणाला आणखी अर्धा न्यूटन धर, झाले ३.६. चाक ६५ मिमी व्यासाचं असेल तर त्रिज्या ०.०३२५ मीटर, एकूण टॉर्क ०.११७ न्यूटन-मीटर. दोन मोटरांत वाटला की प्रत्येकी ०.०५८, दुकानातल्या भाषेत ०.६ किलो-सेंटिमीटर. मोटर स्टॉलच्या एक तृतीयांशाहून जास्त लोडवर सतत चालवायची नाही. म्हणून स्टॉल टॉर्क किमान २ किलो-सेंटिमीटर हवा. पिवळ्या प्लास्टिकच्या गिअरबॉक्सच्या स्वस्त मोटरा इथेच बाद होतात. सपाटीवर त्या झकास पळतात, त्यामुळे गट फसतो.

आता वेग. ६५ च्या चाकाचा परीघ २०४ मिमी. १०० आरपीएमला मोकळं सोडलं तर सेकंदाला ३४० मिमी, लोडवर २३०-२५० धर. तुमच्या कामाला पुरे. २०० आरपीएम घेतलं तर त्याच मोटरचा टॉर्क साधारण निम्मा होतो.

याच्याही आधी पाहायची गोष्ट म्हणजे घसरण. मोटर ताकदीची असली तरी सनमायकावर चाक जागच्या जागी फिरू शकतं. निम्मं वजन चालकचाकांवर (मोटर फिरवते त्या चाकांवर) असेल तर १५ अंशांना घर्षणगुणांक ०.५४ तरी लागतो. सनमायकावर धूळ असली की कडक प्लास्टिकसारख्या टायरला तो मिळेलच असं नाही. बॅटरी चालकचाकांच्या अगदी वर ठेव, म्हणजे ७० टक्के वजन तिथे येतं आणि गरज ०.३८ वर उतरते. फक्त चढताना गाडी मागे उलटत नाही ना, ते पाहा. तुमचा पट्टा ३०० मिमीच्या वर जाणार, म्हणजे गुरुत्वमध्य आधीच उंच. टायरवर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवणं हा जुना इलाज आहे, चालतो. पण दुकानात जाण्याआधी सनमायकाचा तुकडा तिरका धरून त्यावर चाक घसरवून पाहायला पैसे पडत नाहीत. चाक गोल फिरू न देता धरायचं. ज्या कोनाला ते घसरू लागतं त्याचा टॅन म्हणजेच तुमचा गुणांक.

कॅड शिक, पण पुठ्ठ्याच्या नंतर. आधी कॅड केलं की त्या चित्रावर जीव जडतो आणि मग चुकलेली कल्पना सोडवत नाही. फ्रीकॅड फुकट आहे, ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं. असेंब्ली, मापं दिलेलं ड्रॉइंग आणि सुट्या भागांची यादी एवढं जमलं की पुरे. रंगीत रेंडरला कोणी गुण देत नाही.

कापताना काय बिनसतं ते लिहून ठेव. ३ मिमीचं एमडीएफ ३ मिमीचं नसतं, २.७ ते ३.१ काहीही निघतं, व्हर्नियरने मोज. लेझरचा झोत स्वतःच ०.१ ते ०.२ मिमी खातो. म्हणून सगळी फ्रेम कापण्याआधी एकाच पट्टीवर २.६ ते ३.१ पर्यंत ०.१ च्या फरकाने खाचा कापून आण, ज्यात जाडी घट्ट बसेल ते माप सगळीकडे वापर. अ‍ॅक्रिलिकला आतल्या कोपऱ्यात १ मिमीची गोलाई दे, नाहीतर बोल्ट आवळताना तिथूनच तडा जातो. थ्रीडी प्रिंटमध्ये ३ मिमीचं भोक २.७-२.८ चं येतं. एम३ म्हणजे ३ मिमीच्या बोल्टसाठी ३.४ काढ आणि गरज पडली तर ड्रिल फिरव. प्रिंट झालेले थर एकमेकांपासून ओढले जातील असा ताण आला तर तुकडा थरातच फाटतो, हुकासारखे भाग झोपवून प्रिंट करायचे.

---

पाना_१२_१३

काकांच्या मुद्द्यात एक भर. चाकाचं कपलिंग ज्या ग्रब स्क्रूवर (डोकं नसलेल्या बारीक स्क्रूवर) असतं तो कंपनाने सुटतो. शाफ्टच्या सपाट बाजूवरच तो बसायला हवा, आणि मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब. बाकी सगळीकडे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे).

खरेदी एकदम करू नका. ३००० पैकी पहिल्या फेरीत १८०० च्या वर जाऊ नका, एक मोटर आणि एक ड्रायव्हर जळणार हे धरूनच चाला. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार) कोणी जाणार असेल तर नमुना हातात घेऊन पाठवा. ऑनलाइन मागवणार असाल तर पार्सलचे दिवस वेळापत्रकात आधीच घाला.

---

वहीवाली

सगळे मशीनवरच बोलताहेत, ८० गुण कागदावर आहेत!

काम 'एक जण कॅड, एक जण कोडिंग, एक जण रिपोर्ट' असं वाटू नका. रिपोर्टवाला तोंडी परीक्षेत अडकतो, कारण त्याने यंत्राला हातच लावलेला नसतो. भागांनुसार वाटा: चाकं आणि चौकट, रोलर, पट्टा, वीज. पाचव्याकडे जोडणी, वजन आणि खर्चाचा तक्ता. दोन भाग जिथे मिळतात तिथली मापं एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: बोल्टांच्या भोकांमधलं अंतर, रोलर सोडतो त्या जागी चेंडूची उंची, कोणती वायर कोणत्या पिनला. रोलरवाल्याने फट ३५ ची ३३ केली तर पट्टेवाल्याला त्याच दिवशी कळायला हवं.

लॉगबुक पेनने, त्या त्या दिवशी, पानावर तारीख आणि सही. 'आज टेस्टिंग केलं' याला शून्य किंमत. असं लिहा: 'फट ३६ मिमी, २० पैकी १३ चेंडू आत, ३४ मिमी, २० पैकी १८, ३२ ला मोटर थांबली. निर्णय ३४.' सोबत फोटो चिकटवा. फसलेल्या चाचण्यांची पानं फाडू नका. परीक्षक नेमकं तेच विचारतात, की हे का सोडलं. शेवटच्या रात्री एका हस्ताक्षरात, एकाच पेनाने लिहिलेलं लॉगबुक पहिल्या पानालाच ओळखू येतं.

आणि पहिल्या रिव्ह्यूच्या आधी शिक्षकांना एक गोष्ट विचारून घ्या: १.२ किलोत बॅटरी धरलेली आहे का? नियमपत्रकात हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, आणि दोन सेल, होल्डर, वायरी मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास जातात.

---

नवखा_यंत्री

वाखूसा (वाचनखूण साठवली)! बॅटरीचं उद्याच विचारतो. गटाला भागाकार दाखवला, ग्रिपरवाल्यांपैकी दोघे अजून भांडताहेत. शनिवारी पुठ्ठ्याचे दोन्ही करून घड्याळ लावून बघणार आहोत.