प्रीतिभोजनाला दोन पंगती कशाला?

मोहननगरकर: काल एका गृहस्थांनी इथे लिहिलं, आपल्या चर्चचं प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीचं एकत्र जेवण, वर्गणीतून होतं, म्हणून बाप्तिस्मा न झालेल्यांनी दुसऱ्या पंगतीला बसावं. डोकंच फिरलं. प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीची, शिस्त मान्य. पण हे वरण-भात-वांगं आहे! करिंथच्या मंडळीत जेवताना एक उपाशी अन् दुसरा तर्र, यावर प्रेषित पौल किती भडकला ते बायबलात वाचा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा बंधुसमाज काढला तो बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांसाठी. त्यांच्या हाती नवा करार आला तोही नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेत, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाकडून. त्यानं सभासदत्वाची पावती नव्हती मागितली.

जुना सभासद: ते गृहस्थ मीच. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतलाच ना? घरचे आणि पाहुणे यात फरक असतो.

बेझनबागवाली: असतो ना काका, पाहुण्याला आधी वाढतात! माझे मिस्टर बौद्ध. नाताळात मंडपाच्या खुर्च्या तेच लावतात. मागे एका बाईंनी वाढता वाढता पळी वरच धरली अन् मला विचारलं, “हे आपल्यातले का?” तेव्हापासून ते गेटबाहेर स्कूटीवर बसून राहतात.

तबलेवाला: पंगतीचं काय घेऊन बसले? सकाळची चांगली वेळ इंग्रजी उपासनेला, मराठीला उरलेली. हे नाही दिसत कोणाला?

सदरचा पोट्टा: मराठीला येतं कोण भाऊ? तुमचीच पोरं गिटार घेऊन इंग्रजीत बसतात.

तबलेवाला: माझ्या पोरांवर जाऊ नको बे! तबला कपाटात कुलूपबंद, किल्ली कमिटीकडे. पोरं काय टेबल बडवतील?

सदरचा पोट्टा: किल्ली मागितली का कधी?

तबलेवाला: तीनदा. ‘बघू’ म्हणतात.

मोहननगरकर: २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्च-मंडळ्या मिळून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. बाळांना बाप्तिस्मा देणारे अन् फक्त मोठ्यांना देणारे एकत्र आले. आपल्याला एक कुलूप उघडत नाही!

जुना सभासद: त्याची बोलणी १९२९ पासून चालू होती, एवढं तरी सांगा. बरं, बसवा सगळ्यांना एकाच पंगतीत. तुम्ही फार प्रेमळ, आम्हीच वाईट. पण मग जेवणाचे गंज-पातेली घासायलाही सगळे थांबा. दरवेळी मी अन् चौकीदारच उरतो.

बेझनबागवाली: मिस्टर थांबतील. आधी त्यांना आत बोलवा, तुम्ही स्वतः.

तबलेवाला: अन् किल्लीचं?