फ्रायबुर्गमध्ये यजमान कुटुंबाकडे राहताना जेवणाचा कोणता पर्याय घ्यावा?

कृष्णाकाठ :

नमस्कार. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन भाषेची ए२ पातळी पूर्ण करून मी येत्या जून-जुलैमध्ये आठ आठवड्यांच्या भाषावर्गासाठी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे जात आहे. राहण्याची सोय एका यजमान कुटुंबाकडे झाली आहे आणि जेवणाचा पर्याय मला सोमवारपर्यंत कळवायचा आहे. पर्याय तीन आहेत : नुसती न्याहारी, न्याहारी आणि रात्रीचे जेवण, ज्याला ते हाफ बोर्ड म्हणतात, किंवा जेवणखाण काहीच नाही, फक्त स्वयंपाकघर वापरण्याची मुभा. न्याहारीच्या पर्यायातही स्वयंपाकघर वापरता येईल, असे कळले आहे. हाफ बोर्ड घेतल्यास न्याहारीच्या दरापेक्षा आठवड्याला ७० युरो अधिक पडतात. मी शाकाहारी आहे. केकमधले अंडे चालते, पण नुसते अंडे खात नाही, आणि दर महिन्याची संकष्टी करते. आईचे म्हणणे आहे की परक्याच्या घरी ताटाची बांधिलकी नको, कुकर आणि मूगडाळ बरोबर घेऊन जा. आमच्या शिक्षिका मात्र हाफ बोर्डच घ्या म्हणतात. ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शेवग्याची शेंग :

मी याच भागात तीन महिने हाफ बोर्डवर राहिले आहे आणि पुन्हा संधी मिळाली तर तेच घेईन, परंतु ‘रात्रीचे जेवण’ या शब्दांनी आपल्या डोळ्यांसमोर जे ताट येते ते आधी बाजूला ठेवा. पुष्कळ जर्मन घरांत दिवसातून एकदाच गरम शिजवलेले अन्न असते आणि ते दुपारी झाले असेल, तर संध्याकाळी ‘आबेंडब्रोट’ म्हणजे पाव, लोणी, चीज, काकडीचे लोणचे आणि मांसाहारी असतील त्यांच्यासाठी सॉसेजचे काप, एवढेच मांडतात. आमच्याकडे साडेसहाला सगळे टेबलाशी बसत. जूनमध्ये तिथे सूर्य मावळायला साडेनऊ होतात, त्यामुळे उजेडातच जेवण उरकायचे आणि दहाला पुन्हा भूक लागायची. माझ्या खोलीत शेंगदाण्याचे लाडू नसते तर कठीण होते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा की आठवड्यातून किती संध्याकाळी गरम जेवण असते आणि शनिवार-रविवार त्यात धरले आहेत का.

‘मी शाकाहारी आहे’ एवढे कळवून भागत नाही. मला पहिल्याच दिवशी भाज्यांचे सूप वाढले, ज्यात भाज्या खरोखरच सगळ्या होत्या आणि पाणी मात्र मांसाच्या अर्काचे होते. त्या काकूंना ते मांस वाटतच नव्हते. बटाट्यात बारीक चिरलेले बेकन घालतात, त्याचेही तसेच. काय चालत नाही याची यादी आधीच लिहून पाठवा : मांसाचा अर्क, बेकन, मासे, जिलेटिन आणि तुमच्या बाबतीत उकडलेले किंवा तळलेले अंडे. एकदा नीट समजले की त्या प्रदेशात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. चीज घातलेले श्पेत्सले, म्हणजे जाडसर शेवयांसारखा उकडलेला पदार्थ, मिळते (त्याच्या पिठात अंडे असते, पण ते तुमच्या केकच्या हिशेबात बसावे), परतलेल्या बटाट्यांबरोबर ‘बिबेलेसकेस’ मिळते, जे घट्ट दह्यासारख्या क्वार्कमध्ये कांदा आणि हिरवी पात मिसळून करतात, आणि २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे भाजीसाठीच्या ॲस्परॅगसचा, हंगाम असतो.

७० युरोंचा हिशेब मात्र ताटाशी करू नका. वर्गात तुम्ही इतर परदेशी विद्यार्थ्यांचे चुकीचे जर्मन ऐकणार. ‘मीठ इकडे द्या’पासून शेजाऱ्याच्या कुंपणाच्या भांडणापर्यंतचे जर्मन त्या टेबलावरच कानांवर पडते.

मुळा-मुठा :

वरील मताचा आदर राखून वेगळे सांगतो. बोलणे न्याहारीलाही होते, आणि संध्याकाळी साडेसहाला घरी हजर राहण्याच्या बंधनामुळे वर्गमित्रांबरोबरचे सगळे कार्यक्रम हुकतात. मी न्याहारी आणि स्वयंपाकघर असा पर्याय घेतला होता. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत जेवत असे. तिथे विद्यार्थ्यांचा आणि पाहुण्यांचा दर निराळा असतो, तेव्हा तुमच्या भाषावर्गाला कोणता दर लागू होतो ते विचारून घ्या. रविवारी दुकाने बंद असतात, हे शनिवारी दुपारीच आठवले पाहिजे.

आईंच्या कुकरबद्दल : शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही, स्टीलचा इंडक्शनवर चालणारा लागेल. तूपही नेऊ नका, कारण दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात स्वतःपुरतेदेखील नेता येत नाहीत. तिथले बिनमिठाचे लोणी उत्तम असते, ते कढवा. मेतकूट आणि गोडा मसाला मी निर्धोक नेला.

आता माझी चूक सांगतो. स्वयंपाकघर दिवाणखान्याला जोडूनच होते आणि मी दुसऱ्याच दिवशी मोहरी-हिंगाची खमंग फोडणी दिली. वास तर पडद्यांत दोन दिवस राहिलाच, पण काकूंच्या भाजी चिरण्याच्या फिकट लाकडी पाटावर हळदीचा पंजाएवढा डाग पडला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या घासत राहिल्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते. पाट धुऊन मी तो गच्चीत उन्हात ठेवला. हळदीचा रंग उन्हाने उडतो, तसा तो दोन दिवसांत जवळजवळ गेला. त्यानंतर मी चिरण्यासाठी स्वतःची स्वस्तातली फळी आणली आणि फोडणी देण्यापूर्वी दार लावून खिडकी उघडू लागलो. ‘स्वयंपाकघर वापरण्याची मुभा’ म्हणजे कोणत्या वेळेत, फ्रिजचा कोणता कप्पा आणि तळण चालेल का, हे लेखी विचारा. काही घरांत तिचा अर्थ चहा आणि टोस्ट एवढाच असतो.

गोदातीर :

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. रोटरीच्या विद्यार्थी-विनिमयात आमच्या नाशिकच्या घरी एक जर्मन मुलगी काही महिने राहिली होती. ती काय खाते याचा त्रास मला कधीच झाला नाही. ती जेवायला आहे की नाही हे पोळ्या झाल्यावर कळण्याचा झाला. पुढे तिनेच फ्रिजवर कागद लावला आणि सकाळी बाहेर पडताना त्यावर ‘आज आहे’ किंवा ‘आज नाही’ असे लिहून जाऊ लागली. तुम्ही हाफ बोर्ड घेतलात तर न येण्याचा निरोप किती वाजेपर्यंत दिलेला चालतो, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. दोन आठवडे हाफ बोर्ड घेऊन मग बदलू, असा सल्ला कोणी दिला तर तो मला पटणार नाही. कागदावर तशी सोय असेलही, पण यजमानीणबाईंना आपला स्वयंपाक आवडला नाही असेच वाटणार.

संकष्टीचे मात्र आत्ताच कळवा. उन्हाळ्यात तिथे त्या रात्री चंद्र उगवायला अकरा वाजून जातात, आणि रात्री दहानंतर आवाज न करण्याचा त्यांचा रिवाज कडक असतो.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चंद्रोदयाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. हाफ बोर्ड घेण्याचे ठरवले आहे. साडेसहाचे बंधन खुपेल, पण आठच आठवडे आहेत, आणि वर्गमित्रांना दुपारी मेन्सात भेटता येईल. न चालणाऱ्या पदार्थांची यादी आणि संकष्टीची माहिती मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये कळवली होती, त्याचे उत्तर आज आले. गरम जेवण आठवड्यातून चार दिवस, रविवारी दुपारी सर्वांसोबत, आणि न येण्याचा निरोप दुपारी बारापर्यंत. संकष्टीच्या रात्री फळे आणि क्वार्क फ्रिजमध्ये झाकून ठेवतील, चंद्र पूर्वेच्या खिडकीतून दिसतो, मात्र त्या वेळी मिक्सर लावू नये, असे त्यांनी लिहिले आहे. कुकर घरीच ठेवत आहे. आईला अजून सांगितलेले नाही.