जावा: थांब्यांची लिस्ट बाहेर देताना अ‍ॅजलिस्ट, लिस्ट.ऑफ की अनमॉडिफायेबललिस्ट?

प्रश्न (सह्यकोड):

नमस्कार. बसमार्गांची माहिती सांभाळणारा एक छोटा प्रोग्राम मी जावा १७ मध्ये लिहीत आहे. त्यातील 'मार्ग' या क्लासमध्ये स्वारगेट, कात्रज, शिरवळ, सातारा अशी थांब्यांच्या नावांची लिस्ट आहे. ती बाहेरच्या कोडला वाचता यावी, परंतु बदलता येऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्टने मिळालेल्या लिस्टवर 'अ‍ॅड' चालवले की अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन (ही क्रिया चालत नाही असे सांगणारी त्रुटी) येते, म्हणून ती पुरेशी सुरक्षित असेल असे वाटले होते. मात्र त्याच लिस्टवर 'सेट' चालवले असता शिरवळच्या जागी दुसरे नाव मुकाट्याने बसते. लिस्ट.ऑफने केलेल्या लिस्टवर या दोन्ही गोष्टी अडतात, आणि कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्टवरही अडतात. मग या शेवटच्या दोघांत फरक कोणता, आणि माझ्या मेथडने काय परत करावे?

उत्तर (अर्धविराम):

'बदलता येते की नाही' या प्रश्नाआधी 'मिळालेली लिस्ट ही प्रत आहे की मूळ साठ्याकडे पाहण्याचा केवळ एक मार्ग आहे' हा प्रश्न विचारला, तर बहुतेक गोंधळ तिथेच मिटतो.

अ‍ॅजलिस्ट प्रत करत नाही. आपण दिलेल्या अ‍ॅरेवरच ती लिस्टचे आवरण चढवते, आणि अ‍ॅरेची लांबी बदलता येत नसल्यामुळे 'अ‍ॅड' व 'रिमूव्ह' अडतात; परंतु अ‍ॅरेच्या एखाद्या घरातील मूल्य बदलण्यास काहीच आडकाठी नसल्याने 'सेट' चालते. हा बदल मूळ अ‍ॅरेतही उमटतो, आणि अ‍ॅरेत केलेला बदल लिस्टमध्ये दिसतो. म्हणजे तुम्हाला जी सुरक्षितता वाटली, ती प्रत्यक्षात केवळ ठरलेली लांबी आहे. (जाता जाता: 'इंट'चा अ‍ॅरे या मेथडला दिला, तर आकड्यांची लिस्ट न मिळता तो संपूर्ण अ‍ॅरे हाच एकमेव घटक असलेली लिस्ट मिळते. नवख्यांची यात हमखास फसगत होते.)

अनमॉडिफायेबललिस्ट हेसुद्धा आवरणच आहे. ते हातात असलेल्याला बदल करता येत नाही, पण मूळ अ‍ॅरेलिस्ट ज्याच्याकडे आहे त्याने खेड शिवापूर हा थांबा घातला, तर तो आवरणातूनही लगेच दिसू लागतो. याउलट जावा ९ मध्ये आलेल्या लिस्ट.ऑफने तयार झालेल्या लिस्टमागे दुसऱ्या कोणाच्या हाती असलेला साठाच नसतो, त्यामुळे तिच्यातील घटक कोणत्याच बाजूने बदलत नाहीत. तुमच्याकडे लिस्ट आधीच तयार आहे, म्हणून तुमच्या कामाची मेथड लिस्ट.कॉपीऑफ ही आहे; ती दिलेल्या लिस्टची न बदलणारी प्रत देते आणि जावा १० पासून उपलब्ध आहे.

उत्तर (ढीग_आणि_रांग):

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त नलचा ('मूल्यच नाही' या खुणेचा) मुद्दा राहिला. न ठरलेल्या थांब्यासाठी तुम्ही नल ठेवत असाल, तर लिस्ट.ऑफ आणि लिस्ट.कॉपीऑफ दोन्ही नलपॉइंटरएक्सेप्शन देतील. इतकेच नव्हे, तर अशा लिस्टला 'कन्टेन्स' या मेथडने नल आहे का असे नुसते विचारले, तरी 'नाही' असे उत्तर न येता तेच एक्सेप्शन येते. ही कडकपणाची हद्द झाली असे माझे मत आहे, पण नियम तसा आहे. स्ट्रीमवरील (घटकांवर एकामागून एक काम करणाऱ्या प्रवाहावरील) जावा १६ ची टूलिस्ट ही मेथडही न बदलणारी लिस्ट देते, मात्र तिला नल चालतो. कलेक्टर्स.टूलिस्टने मिळालेल्या लिस्टबद्दल मात्र ती बदलता येईल किंवा येणार नाही, यापैकी कोणतीच हमी नाही; आज ती बदलता येते म्हणून त्यावर विसंबून कोड लिहू नये.

सह्यकोड:

दोघांचेही आभार. नल कोठेही नाही. पण मार्ग चालू असताना क्लासच्या आतून थांबे वाढवले जातात आणि ते बाहेर लगेच दिसले तर बरे, असे वाटते. मग आवरणच योग्य ठरेल का?

उत्तर (अर्धविराम):

ठरू शकेल, परंतु त्याची किंमत माहीत असावी. बाहेरचा कोड आवरणावर फॉर-ईच लूप चालवत असताना आतून एखादा थांबा वाढला, तर लूपच्या पुढच्या फेरीत कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन येऊ शकते, आणि ते अशा ठिकाणी फुटते की जिथल्या कोडने काहीच बदललेले नसते. दोष शोधणारा तास-दोन तास भलत्याच फाइलमध्ये चाचपडत बसतो. त्यामुळे मी कॉपीऑफच वापरेन आणि ताजी माहिती हवी असेल त्याने मेथड पुन्हा बोलवावी असे ठरवेन. एका मार्गावरील थांब्यांची संख्या पाहता प्रत करण्याचा खर्च नगण्य आहे.

आणखी एक. या मेथड फक्त लिस्ट राखतात, आतील ऑब्जेक्ट राखत नाहीत. आज थांबे स्ट्रिंग आहेत म्हणून प्रश्न नाही. उद्या 'थांबा' असा क्लास केला आणि त्याला सेटर (आतील मूल्य बदलणाऱ्या मेथड) दिले, तर कॉपीऑफने दिलेल्या लिस्टमधूनही शिरवळचे नाव बदलता येईल. तो क्लास करण्याची वेळ आली, तर तो रेकॉर्ड (ज्याच्या फील्डना एकदा मूल्य दिल्यावर ते बदलता येत नाही असा क्लास) म्हणून लिहावा.