मदत हवी आहे: वणव्याची राख मोहोरावर बसलीय

नमस्कार मंडळी. आम्ही पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. आठवडा झाला, समोरचा डोंगर रात्री पेटलेला दिसतो. गवत चांगलं फुटतं म्हणून अजूनही कुणीतरी काडी लावतंच, काय बोलायचं! रात्री थंड हवा खाली बसते, वर गरम हवेचं झाकण. त्यामुळे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत धूर नदीकाठीच लोळतो. वरच्या वाडीत मात्र लख्ख ऊन.

काल आंब्याच्या मोहोराला बोट लावलं तर काळं झालं. तुडतुड्यांनी (मोहोराचा रस शोषणारे बारीक किडे) सोडलेल्या चिकट्यात राख अडकलीय, फांदी हलवूनही पडत नाही. नुसतं पाणी फवारलं तर फळधारणा बिघडेल का? की कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत थांबू?

आणि आईला दमा आहे, तरी पहाटे धारेला ती गोठ्यात जातेच. धार उशिरा काढली तर चालेल ना?