सीएफचं जनुक कफाचं नव्हे

एकांनी लिहिलंय की सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (सीएफ, म्हणजे फुप्फुसात चिकट कफ साचणारा जन्मजात आजार) 'कफाचं जनुक बिघडतं'. थोडी दुरुस्ती करतो. १९८९ मध्ये सापडलेलं, सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर जनुक कफ बनवतच नाही. पेशीच्या आवरणातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट ये-जा करतात, ते दार बनवणं त्याचं काम. कफाला बुळबुळीतपणा देणारी म्युसिन प्रथिनं वेगळ्या जनुकांची, मुख्यतः एमयूसी५एसी आणि एमयूसी५बी. ती दोन्ही बिचारी धडधाकट असतात.

म्युसिन पेशीत घट्ट घडी घालून ठेवलेलं असतं. बाहेर पडल्यावर फुलायला पाणी आणि बायकार्बोनेट हवं. सीएफमध्ये दार बंद, म्हणून घडी नीट उलगडत नाही आणि कफ श्वासनलिकेला चिकटून बसतो. तिथे जंतू मुक्काम ठोकतात, मागोमाग जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, येतात. त्यांचं इलास्टेज विकर (एन्झाइम) आणि दाहाचे संदेश एमयूसी५एसीला आणखी जुंपतात. म्हणजे म्युसिन जनुकांची धावपळ वाढते ती मागाहून. शिवाय घट्टपणातला मोठा वाटा मेलेल्या न्यूट्रोफिलांच्या डीएनएचा असतो, हे आपण विसरतोच.

माझ्या ऐरोलीच्या भाच्याला सीएफ आहे. 'पापी घेतली की खारट लागतो गं,' असं आई ताईला म्हणायची, आम्ही हसायचो. ठाण्यात एके ठिकाणी दोन वर्षं दम्याची औषधं चालली. शेवटी घामातल्या क्लोराइडच्या, म्हणजे मिठाच्या, चाचणीने उलगडा झाला. आता शाळेची बस यायच्या आधी नेब्युलायझरमधून खारं पाणी, मग छातीची फिजिओथेरपी. ते मीठ पाणी ओढून घेतं, कफ सुटतो.